दाबून ओढलेली रेघ

आप्पांची आठवण झाली की आधी वास येतो, ओल्या विभूतीचा आणि डिझेलचा एकत्र. मागोमाग दिसतं ते मानवतच्या घराचं अंगण, कडुलिंबाच्या पानांतून झिरपणारं हिवाळ्यातलं कोवळं ऊन, त्या झाडाखाली बॉनेट उघडून उभी असलेली जुनी पांढरी गाडी, आणि तिच्यावर वाकलेलं, तीन आडव्या रेघांचं शांत कपाळ. आप्पा माझे काका. भुसाराच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. मूठभर तूर हातात घेऊन तिच्यातली ओल सांगणारा तो स्पर्शाचा माणूस होता. उतारवयात नेमक्या त्याच हातांना कंप सुटला. आप्पा येण्याआधी त्यांच्या बशीतल्या कपाची किणकिण यायची आणि घराला तिची सवय झाली होती.

गाडीचं स्टिअरिंग तेव्हा माझ्या हाती असे, पण किल्ली त्यांच्या खिशात राही. दर सोमवारी ते शेजारी बसून वालूरच्या शेताकडे जात, बांधावर उभे राहून वाऱ्यावर हलणारं पीक न्याहाळत आणि परत येत. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा गाडी विकून टाका म्हणत होता. अशातच टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली. इंजिनाच्या वरच्या नि खालच्या चाकांना एका तालात फिरवणारा हा दातेरी पट्टा. एखादा दात जरी चुकला तरी आतल्या आत आदळआपट होऊन इंजिन कामातून जातं. आप्पा म्हणाले, बेल्ट मीच बदलणार. मुलाने फोनवर सांगितलं, बदला, पण नंतर सुरू झाली नाही तर गाडी भंगारात द्यायची. आप्पांनी ते मान्य केलं.

मी गॅरेजचं नाव काढलं, तेव्हा ते गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून हसले. "तळहातावरचं लिंग आपणच पूजतो का न्हाई? तिथं मधी कुणी लागत न्हाई. मंग हिला तरी कशाला?"

बेल्ट काढण्याआधी चाकांची जागा खुणेने बांधून ठेवावी लागते. इंजिनाची मूळ खूण गंजाने बुजली होती. आप्पांनी देवघरातली विभूतीची घट्ट वडी आणली, किंचित ओली केली आणि वरच्या चाकावर एक नि त्याच्यासमोर इंजिनाच्या अंगावर एक अशा दोन रेघा ओढल्या. खालच्या चाकालाही तसंच केलं. हात थरथरू नये म्हणून त्यांनी वडी इतकी दाबून धरली होती की तिची कड झिजली. मग जुना बेल्ट आणि त्याला ताण देणारा जुना टेन्शनर निघाला, आणि आम्ही हात धुऊन जेवायला बसलो.

वार सोमवार होता. सोमवारी काकू घरातल्या तराजूला, शिलाई मशीनला, पाण्याच्या मोटारीलाही विभूती लावत. आम्ही जेवून आलो तेव्हा त्या गाडीपासून बाजूला होत होत्या. वरच्या चाकावर त्यांच्या ओल्या बोटांचे तीन पट्टे होते, आप्पांची रेघ त्यांतच कुठेतरी बुडाली होती, आणि बोटांच्या भाराने चाकही थोडं सरकलं होतं.

"अवो, सोमवार हाय. उघडं लोखंड तसंच कसं ठेवायचं?" असं म्हणता म्हणता काकूंनी आप्पांचा चेहरा पाहिला आणि विभूतीची वाटी खाली ठेवली.

मी फडकं उचललं. आप्पांनी माझं मनगट धरलं. "पुसू नको. वाळू दे."

आम्ही तिघे ओट्यावर बसून राहिलो. आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ते नुसते चाकाकडे बघत होते, पावसानंतर वाफसा यायची वाट पाहावी तसे. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. ऊन सरकत सरकत चाकावर आलं. बोटांचे पट्टे हळूहळू विरळ झाले, आणि त्यांतल्या एकाखालून एक जाड, पांढरीशुभ्र रेघ वर आली.

"ही माझी," आप्पा म्हणाले. "दाबून वढलेली हाय."

रेघेला रेघ मिळवून नवा बेल्ट चढवला. टेन्शनरचा बोल्ट आट्यांत बसेना, तेव्हा मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला. बोल्ट त्यांनीच लावला. चिमटीत बेल्ट पिळून ते ताण पाहत राहिले. "लय ताणला की रडतंय, ढिला ठेवला की उडी मारतंय." मग खालच्या चाकाला पाना लावून त्यांनी कान जवळ नेला आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. कुठे अडलं नाही. मला मात्र धास्ती वाटत होती. गाडी गेली तर सोमवारी हा माणूस काय करील, हे मला सुचत नव्हतं.

किल्ली फिरली आणि इंजिन लागलं. काकूंनी पुण्याला फोन लावला, तो इंजिनाजवळ धरला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

आप्पा गेले, लिंगैक्य झाले, त्याला आता काही वर्षं झाली. गाडी आहे. परवा पुन्हा बेल्ट बदलायला झाकण काढलं, तर आत धुळीखाली ती रेघ अजून होती, फिकट, पण होती. काकू विभूतीची वाटी घेऊन दूर उभ्या राहिल्या. "बसवून झाल्यावर सांग रे. तवर मी न्हाई हात लावत." मी चाक फिरवून जागेवर आणलं आणि आप्पांच्याच रेघेवर वडी दाबून धरली. माणूस नुकता गेलेला असतो तेव्हा त्याच्या सगळ्याच आठवणी ओल्या असतात आणि सारख्याच दिसतात. त्यांतली कुठली दाबून ओढलेली होती, ते वाळल्यावर कळतं.