एस्तोंगची उडी

बसमध्ये बसल्यापासून एस्तोंगचा पाय हलत होता. शेजारच्या म्हातारीने आधी त्याच्या गुडघ्याकडे, मग तोंडाकडे पाहिलं आणि सुक्या मासळीची आपली पिशवी पलीकडे सरकवली. त्याच्या मांडीवर तीन रेकॉर्डी होत्या. मनिलात संगीतकार लुआल्हातीबाई तगालोग भाषेतल्या नव्या गाण्यांचा आल्बम काढत होत्या. त्यांना बास गिटार वाजवणारा हवा होता, आणि त्यांचा निरोपही जगावेगळा: "ज्यातल्या बासवर तुझा जीव आहे असे तीन आल्बम घेऊन ये. माणूस कळतो त्यावरून."

आता तीनच कसे निवडायचे, सांगा. पोटची पोरं निवडायला लावावीत तसा प्रकार. आठवडाभर तो रेकॉर्डी काढत होता, परत ठेवत होता, धड जेवत नव्हता. शेवटी एक पिवळ्या कव्हरचा घेतला, त्यात बास गायकाच्या मागे चालत नाही, त्याच्याशी चक्क भांडतो. दुसरा घेतला तो अगदी मोजकं वाजवणाऱ्याचा. आणि तिसरा निळा, एका अमेरिकन खलाशाने आरमारी तळ सोडताना देऊन टाकलेला. या निळ्यावरच एस्तोंग बास शिकला होता.

त्या तळाशेजारच्या ओलोंगापोत, एस्तोंगच्या गावात, खलाशांपुढे वाजवणाऱ्या बँडला शाबासकी एकच: प्लाकादो. म्हणजे हुबेहूब रेकॉर्ड. रेकॉर्डवर कुणी खोकलं असेल तर तिथे खोकायचंसुद्धा. एस्तोंगइतका प्लाकादो बारच्या अख्ख्या रस्त्यावर दुसरा नव्हता, आणि त्याची ताठ मान बघून ते कळायचंच. स्वतःचं असं मात्र त्याने कधी काही वाजवलं नव्हतं. कुणी मागितलंच नाही, तर कशाला वाजवेल?

ते बाईंनी मागितलं. स्टुडिओत गाणं ऐकवलं आणि म्हणाल्या, "हं, चालू दे."

त्याने वाजवलं.

"हे तुझ्या पिवळ्याच्या दुसऱ्या बाजूचं," बाई म्हणाल्या.

त्याने बदललं.

"हे त्या मोजकं वाजवणाऱ्याचं. अरे बाबा, गाणं माझं, बास तुझा हवाय. हे पाहुणे कशाला गोळा करतोस?"

एस्तोंगने आणखी दोनदा बदलून पाहिलं. जे सुचेल ते कुणाचं तरी निघत होतं. बाईंना बहुधा दया आली. "बरं, निळा लावते. त्याच्यासोबत वाजव, हात मोकळा होईल."

हे तर डोळे मिटून येणारं काम. तो सुटला, खुशीत आला, आणि ध्रुवपदाच्या तोंडाशी रेकॉर्डच्या पुढे निघून गेला. रेकॉर्ड एक ठोका मागेच. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

बाईंनी रेकॉर्ड खिडकीशी नेऊन तिच्यावरून हळूच नख फिरवलं. "ओरखडा आहे इथे. तुझ्या घरची सुई हलकी असणार, ती उडी मारते. आमची जड आहे, सरळ जाते."

"म्हणजे एवढी वर्षं मी चुकीचं वाजवत आलो?"

"एक ठोका गिळत आलास."

एस्तोंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक गोष्ट मिरवायला होती, तीही गेली. तो गिटार पेटीत ठेवू लागला.

"गुरुवारी ये," बाई म्हणाल्या. "पण तुझं काही असेल तरच. नाहीतर तसं कळव, मी दुसरा बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओलोंगापोत बँडची तालीम होती. निळ्या आल्बममधलं ते गाणं आलं, ध्रुवपदाचं तोंड आलं, आणि एस्तोंगने आयुष्यात पहिल्यांदा ते रेकॉर्डबरहुकूम वाजवलं. सगळा बँड धडाधड एकमेकांवर कोसळला.

ड्रमवर बसणाऱ्या बादोंगने काठ्या खाली टाकल्या. "झोपलायस का? उडी कुठे गेली?"

"कसली उडी?"

"तुझी उडी, आणखी कसली. तिथे तू लवकर उतरतोस, आम्ही तुझ्यामागे उतरतो."

"ती चूक होती, बादोंग. रेकॉर्डवर ती नाहीच."

"मला शिकवतोस? माझ्या मेव्हण्याकडे तीच रेकॉर्ड आहे. सगळ्या रस्त्याला माहीत आहे. समोरचा बँडसुद्धा एस्तोंगची उडी मारतो, आणि भिकार मारतो."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? वाटलं, गडी प्लाकादो म्हणून मिरवतो खरा, पण एवढी एक जागा स्वतःसाठी ठेवतो. खलाशी नाचताना नेमके तिथेच आरोळी ठोकतात, ते बघितलं नाहीस कधी?"

बघितलं होतं. एस्तोंगला वाटायचं, ती आरोळी रेकॉर्डसाठी आहे. तो खुर्चीत बसला, उठला, परत बसला. "पुन्हा घ्या," एवढंच म्हणाला, आणि या वेळी जाणूनबुजून उडी मारली. सगळे बरोबर उतरले. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने शर्टाच्या बाहीने पुसले.

गुरुवारी तीनही रेकॉर्डी घरी ठेवून तो नुसती गिटार घेऊन मनिलाला गेला. पाय बसमध्ये हलत होता, स्टुडिओतही हलत होता. बाईंचं गाणं सुरू झालं. ध्रुवपदाच्या तोंडाशी त्याने ठोका गिळला आणि सगळ्यांच्या आधी उतरला. गाणारी मुलगी अडखळली, थांबायला वळली. बाईंनी तिला हाताने चालू ठेवायला सांगितलं. दुसऱ्या ध्रुवपदाला ती त्याच्याबरोबर उतरली.

गाणं संपल्यावर बाईंनी चष्मा काढला. "हे कुठल्या आल्बमचं?"

"ह्याच आल्बमचं," एस्तोंग म्हणाला.