घाटकोपरच्या सोनोग्राफी मशीनचा राग

मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं तापलेलं आहे. तापले की माझा पंखा घरघरतो. आत्ताही घरघरतोय. तरी बसा आणि ऐकून घ्या.

परदेशी कारखान्यात तयार होऊन मी घाटकोपरला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या केंद्रात आले. तेव्हा काय कौतुक माझं! नारळ फोडला, हार घातला. पोटातलं बाळ माझ्या पडद्यावर दिसतं. मुलगा की मुलगी ते सांगायचं नाही, तसा कायदाच आहे, आणि चांगला कायदा आहे. पण बाळ ठीक आहे की नाही, हे तर सांगायचंच असतं ना? त्यासाठीच मी इतकी वर्षं राबतेय. पोटावर फिरवायचा माझा प्रोब दोनदा पडला, मरोळहून दुरुस्त होऊन आला. बटणांवरची अक्षरं घासून गेली. तरी माझं चित्र अजून लख्ख आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर श्रुतिका आली. पाचवा महिना, पहिलंच बाळ. सोबत नवरा निलेश आणि सासूबाई वसुधाताई. हृदयातले मोठे दोष या तपासणीत पकडता येतात, म्हणून ती फार महत्त्वाची. पण बाळाने दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले, हृदय धड दिसेना. अशा वेळी आईला जरा चालायला लावायचं, काही खायला द्यायचं आणि पुन्हा बघायचं. बाळ हलतं, वळतं. पण यांना संध्याकाळी गणपतीसाठी गावाला निघायचं होतं. निलेश सारखा घड्याळ बघत होता. वसुधाताईंना नातवंडाचं नाक कुणावर गेलंय ते बघायचं होतं. आणि आमचे डॉक्टर चंद्रप्रकाश! त्यांनी सगळा वेळ चेहऱ्याचा फोटो काढण्यात घालवला. हृदयाचे चार कप्पे ओझरते दिसले, तेवढ्यावर 'सगळं नॉर्मल' लिहून मोकळे झाले. अहो, खोल्या मोजल्या म्हणजे घर बघून झालं का? हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या कोण बघणार? मी नुसती जळफळत राहिले. मला तोंड कुठे आहे!

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि श्रुतिकाचे वडील, गुणाजी, लेकीला न्यायला कणकवलीजवळच्या गावाहून आले. निघण्याआधी एकदा वाढ बघून घ्यावी म्हणून तिला आणलं. डॉक्टर चंद्रप्रकाश सुट्टीवर होते, त्यांच्या जागी डॉक्टर रश्मी होत्या. बाळाचे हात पुन्हा आडवे. रश्मीताईंनी श्रुतिकाला सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला पाठवलं. ती परत आल्यावर त्यांनी प्रोब जरासा तिरका केला, आणि मी ते चित्र त्यांच्यासमोर धरलं. दोन्ही वाहिन्यांनी एकमेकींना ओलांडून जायला हवं होतं. त्या शेजारी शेजारी सरळ निघाल्या होत्या. दोघींच्या जागांची अदलाबदल झाली होती.

रश्मीताईंनी त्याच दिवशी बाळाच्या हृदयाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथेही तेच निघालं. पोटात असेपर्यंत बाळाला आईकडून प्राणवायू मिळतो, म्हणून ते गुटगुटीत दिसतं. जन्मल्यावर मात्र शुद्ध रक्त अंगात पोहोचत नाही आणि बाळ निळं पडतं. ऑपरेशनने बरं होतं, पण बाळंतपण तशी सोय असलेल्या इस्पितळातच व्हायला हवं.

गुणाजी खवळले. गणपतीत सगळं बरं होतं, मग आता कसं बिघडलं? मशीन जुनी झालीय, तीच खोटं दाखवते, म्हणाले. मी! खोटं! त्या वेळी माझ्यात पुरेसा करंट असता तर मी त्यांना झटका दिला असता, खरं सांगते.

"पयला बाळंतपण आमच्यात माहेराकच होता," ते म्हणाले. "आवस वाट बघता तुझी."

श्रुतिका पोटावर हात ठेवून उभी होती. "बाबा, आईलाच इकडे घेऊन या," ती म्हणाली. "मी येणार नाही." निलेश तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. गुणाजी एकटेच गावाला गेले.

जानेवारीत मुलगी झाली. तासाभरात ओठ निळे पडले. डॉक्टर तयारच होते. लगेच औषध सुरू केलं, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

महिन्याभराने गुणाजी केंद्रात आले, कोकमं घेऊन. त्यांनी रश्मीताईंना विचारलं, "गावात झाला असता, तर मुंबईक आणूक वेळ गावलो असतो?"

रश्मीताईंनी खोटा धीर दिला नाही. "बहुतेक नाही," म्हणाल्या.

त्यांनी कोकमं रश्मीताईंच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, माझा राग आता निवळेल. कसला निवळतोय! नशीब म्हणून ती पोर वाचली. रश्मीताई त्या दिवशी नसत्या तर?

तेव्हा मित्रांनो, घरातली ताई, मामी, काकू तपासणीला निघाली की तिच्यासोबत जा. तिला घाई करू देऊ नका. आणि खुर्चीवर कितीही मोठे डॉक्टर असोत, विचारा, "हृदयातून निघणाऱ्या दोन्ही वाहिन्या पाहिल्या का?" ते चिडले तर चिडू देत. गुणाजींनी प्रश्न उशिरा विचारला, आणि उत्तर ऐकताना त्यांची नात घरी दूध पीत होती. सगळ्यांची पीत नसते.