डावा पाय

शहात्तर सालच्या जानेवारीत सोलापूरच्या प्रतिष्ठित मंडळींना अनाथ पोरांसाठी पळायची हुक्की आली. दौड पार्क मैदानावर संपणार होती. शेवटची शंभर पावलं आश्रमाची पोरं पाहुण्यांचा हात धरून पळणार, म्हणजे दत्तक घेऊ बघणाऱ्यांना ती नीट न्याहाळता येतील. बाजारात शेरडं उभी करून दाखवतात, इथं पोरं पळवून दाखवायची होती, एवढाच फरक.

आश्रमानं पाच वर्षांपूर्वी एक तान्ही पोर केसरबाईकडं सांभाळायला दिली होती. दत्तक घेणारं कुणी मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. केसरबाई विड्या वळायची. तिच्या मांडीशी पानं चुरगाळत येसू मोठी झाली आणि ठरलेलं काय होतं ते केसरबाई सोयीनं विसरली. मग तिनंच दत्तकाचा अर्ज केला. कोर्टातल्या साहेबानं सांगितलं, पोटची मुलगी असताना कायद्यानं दुसरी मुलगी घेता येत नाही. पोटची सांगोल्याला नांदत होती, वर्षातून एकदा आईचं तोंड बघायची. कायद्याला तेवढी पुरेशी होती.

दौडीला पोर आणायचीच, असा आश्रमाचा निरोप आला. केसरबाईची थोरली बहीण दगडाबाई पायानं अधू होती. दहा ठिकाणी दाखवूनही तिला कुणी पत्करलं नव्हतं. तेच केसरबाईला आठवलं, आणि आठ दिवस तिनं अंगणात येसूकडून गिरवून घेतलं.

"डावा पाय असा वडायचा."

"का गं आये?"

"म्हंजी तुला कुनी न्हेनार न्हाय. माज्यापशीच ऱ्हाशील."

येसूला खेळ आवडला.

दौडीच्या दिवशी बाकीची पोरं पुढं निघून गेली. येसू पाय ओढत मागं राहिली आणि सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. तिचा हात कुर्डुवाडीच्या एका रेल्वे साहेबांच्या बायकोच्या हातात होता. बाईंचे डोळे भरून आले. माईकवर जाऊन त्या म्हणाल्या, "आम्ही हिलाच घेणार." फोटो निघाले. साहेब मात्र कपाळाला आठी घालून पोरीच्या पायाकडं बघत होते.

केसरबाईचा बेत उलटला. तिच्या वस्तीत अधू पोर कुणी घेत नव्हतं; चारचौघांत पुण्य मिळवणारी माणसं तिनं कधी बघितलीच नव्हती. ही दया तरी मोडावी म्हणून ती गर्दीतून पुढं घुसली.

"पाय धड हाय तिचा. म्याच शिकवलं लंगडायला."

साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. "म्हणजे पायाला काही नाही ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मग बायकोकडं बघून होकाराची मान हलवली. केसरबाई न बोलती, तर त्यांनी कदाचित नकोच म्हटलं असतं. हे तिला त्या मानेवरूनच कळलं, आणि आपली जीभ झडावी असं तिला वाटलं.

"असल्या बाईकडं मूल ठेवलं, हीच आमची चूक," आश्रमाच्या अधीक्षकबाई म्हणाल्या. "कागद होईपर्यंत पोर आता आश्रमात राहील."

केसरबाईला मैदानाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर काढलं. येसू अधीक्षकबाईंचा हात धरून जीपकडं निघाली. ती रडत नव्हती. जीव तोडून लंगडत होती, कारण जितकं जास्त लंगडावं तितकं आई लवकर घरी नेईल, असं तिला वाटत होतं.