गुरुवारी फिरणारा अँटेना

मित्रांनो, या जगात खरं दाखवणारे दोघंच. एक आरसा आणि दुसरा मी, माळेगाव बुद्रुकच्या सर्जेरावांचा जुना कृष्णधवल टीव्ही. फरक इतकाच, की अँटेनावर कावळा बसला की माझ्या सत्यावर मुंग्या चालू लागत.

१९९३ साली मी बारामतीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, गोधडीत गुंडाळून आलो. सर्जेरावांच्या मंडळींनी, शकुबाईंनी, मला ओवाळलं, माझ्या लाकडी दारांना हळदकुंकू लावलं. दोन वर्षांनी त्याच शकुबाई गप्प झाल्या. वेणी घालीनात, धड जेवीनात. दिवसभर भिंतीला टेकून बसत. "पित्त हाय," सर्जेराव सगळ्यांना सांगत. ते पित्त सहा महिने टिकलं.

त्यातच दर गुरुवारी संध्याकाळी माझ्यावर एक मालिका लागू लागली. तिच्यातली बाई केस मोकळे सोडून चुलीपुढं बसे. दूध उतू गेलं तरी हलत नसे. अर्धी आळी आमच्याकडं बघायला जमे. शेजारच्या फुलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं बया, ही तर आपली शकूच की!"

सर्जेरावांना घाम फुटला. घरातलं बाहेर सांगितलं कुणी? आधी संशय फुलाबाईंवर, मग दूधवाल्यावर, शेवटी माझ्यावर. जो अँटेना हवेतून चित्र पकडतो तो घरातलं हवेत सोडतही असणार, हा त्यांचा तर्क. पुढच्या गुरुवारपासून मालिका सुरू झाली की ते अंगणात जाऊन बांबू पिळत आणि अँटेना कारखान्याच्या धुराड्याकडं करत. माझ्या तोंडावर मुंग्याच मुंग्या!

"वारं सुटलंय," ते आत येऊन सांगत. बाहेर पान हलत नसे.

तिसऱ्या गुरुवारी शकुबाई आपण होऊन उठल्या. अंगणात गेल्या, अँटेना पुन्हा जागेवर फिरवला आणि आत येऊन थेट माझ्यापुढं बसल्या. "तिचं पुढं काय झालं, मला बघायचंय."

पडद्यावर ती बाई डॉक्टरसमोर बसली होती.

"मला बी झोप येत न्हाय," शकुबाई म्हणाल्या. "मला बी न्या."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"भावजी, लोक हितंच बसल्यात," फुलाबाई म्हणाल्या. "इचारा की."

कुणीच काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी नवराबायको एसटीनं बारामतीला डॉक्टरकडं गेली.

मालिकेतली बाई दोन भागांत बरी होऊन गाणं म्हणू लागली. शकुबाईंना गोळ्या घेऊन नुसती वेणी घालायला तीन महिने लागले. गाणं ऐकून त्या म्हणाल्या, "येवढ्या बिगी? ह्या टीव्हीचं काय खरं न्हाय." माझ्यावर योग्य तो संशय घेणाऱ्या त्या एकट्याच.

आता रंगीत टीव्ही आलाय आणि मी गोठ्यात कडब्याशेजारी आहे. मित्रांनो, घरातलं माणूस गप्प झालं, तर अँटेना फिरवू नका. त्याच्याशेजारी बसा, विचारा. एवढंच माझं मागणं.

आणि हो, माझ्या डोक्यावरची कोंबडी तेवढी उतरवा. ती रोज वाकून माझ्या काळ्या काचेत बघते, आणि आतल्या कोंबडीवर तिचा दाट संशय आहे.