पत्र्याच्या डब्याची साक्ष

संगणकाला कुणी हळदकुंकू वाहिलेलं मोहिनीनं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही स्वतःच्याच संगणकाला. ओसरीवरच्या तिच्या ऑनलाइन फॉर्मच्या केंद्रात आज पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, खिडकीला लोंबकळलेली पोरं, आणि टेबलासमोरच्या प्लॅस्टिकच्या चटईवर मांडी ठोकून तोताराम भगत. सातपुड्याच्या पायथ्याचं ते अख्खं गाव त्या लोखंडी डब्याकडे डोळे फाडून बघत होतं.

"ह्या डबामा देवी उतरेल शे!" तोतारामनं हात उंचावला. "चांगला माणूसले काय व्हस नही. डाकीननी हात लावा का चटका!"

त्यानं सगळ्यांदेखत त्या डब्यावर, संगणकाच्या कॅबिनेटवर, पंजा ठेवला. काही झालं नाही. चटईवर बसलेल्या त्याच्या चौघा शिष्यांनी ठेवला. त्यांनाही काही झालं नाही. बायकांनी हात जोडले.

डाकीण ठरवायची होती गुंताबाईला. झुलालच्या धाकट्या मुलीचा ताप बारा दिवस उतरत नव्हता. तोतारामचा अंगारा झाला, गंडा झाला, कोंबडं झालं, आणि पोरगी तशीच अंथरुणात. आता माझा उपाय फसला असं कोणता भगत कबूल करेल? मग दोष कुणाच्या तरी गळ्यात मारायचा, आणि एकट्या विधवेचा गळा सगळ्यात सोयीचा. चार दिवसांपूर्वी फॉर्मवर अंगठा द्यायला अनवाणी, ओल्या पायांनी आलेल्या गुंताबाईचा हात कॅबिनेटला लागला, ती किंचाळली, आणि रांगेत नेमका तोताराम होता. आज तेच पुन्हा झालं तर तिनं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असं ठरलं होतं. एक झोपडं आणि दोन मोहाची झाडं सोडून तिला जगात दुसरं काही नव्हतं.

"पाय धुईसन ये," तोताराम म्हणाला. "चटईवर नही, खाले उभी राह्य. देवीनं आसन शे ते."

ओल्या पायांनी सिमेंटच्या फरशीवर उभं राहून गुंताबाईनं हात लावला आणि "अय्यो माय" करत मागे ओढला.

"दखा!" गर्दी ओरडली.

मोहिनीनं गुंताबाईच्या ओल्या पायांकडे पाहिलं. पाय धुऊन? चटईवर नको?

तिला जळगावचा दुकानदार आठवला. पंधरा दिवसांपूर्वी संगणकाचा पॉवर सप्लाय जळाला, सोबत भिंतीतला बोर्डही गेला. दुकानदारानं दोन सप्लाय समोर ठेवले होते. "ताई, हा हातात घेऊन बघा, जड आहे ना? आत माल आहे. त्या हलक्यावरही वॅट तेवढेच छापलेत, पण छापायला काय जातंय? आणि कुठलाही न्या, अर्थिंग मात्र करून घ्या." मोहिनीनं हलका उचलला. घरी येऊन चार स्क्रू पिळले, मदरबोर्डच्या वायरी खोचल्या, पडदा उजळला तेव्हा स्वतःवर खूश झाली. नव्या केबलला तीन पिना आणि दुसऱ्या बोर्डाला भोकं दोनच, म्हणून मध्ये जोड लावून तिसरी पिन तिनं तशीच सोडून दिली. वायरमनला उद्या बोलवू म्हणाली, तो उद्या काही उजाडला नाही. एकदा झाडताना तिच्याही बोटांना मुंग्या आल्या होत्या, तेव्हाही ती गप्प बसली होती.

"थांबा! ती वीज आहे!" ती ओरडली. कुणी ऐकलं नाही. झुलालनं गुंताबाईचा दंड धरला होता. मोहिनीनं पाय धुवायला दारात ठेवलेल्या हंड्यातला तांब्या स्वतःच्या पायांवर ओतला, फरशीवर उभी राहिली आणि कॅबिनेटला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. "बघा, मलाही लागलं! मग मीही डाकीण का?"

झुलालची नजर तोतारामकडे वळली.

"हिनावर छाया पडनी!" तोताराम गरजला. "डाकीन जठे उभी राहस, तठे सगळास्ले लागस!"

गर्दी मोहिनीपासूनही दोन पावलं मागे सरली. तिला रडूच फुटलं. पुरावा हातात असून काडीचा उपयोग नव्हता. झुलाल गुंताबाईला दाराकडे ओढू लागला, तशी मोहिनीनं वाकून चटईचं टोक धरलं आणि सगळा जीव एकवटून खेचलं. शिष्य एकमेकांवर कोलमडले, तोताराम फरशीवर आला. उरलेला हंडा तिनं तोतारामच्या पायाशी उपडा केला.

"लावा हात, भगत. आता लावा!"

तोताराम टुणकन उडाला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसला.

खिडकीतली पोरं फिदीफिदी हसली. झुलालची पकड सैल झाली. "उतर ना भगत. तुले तं काय व्हस नही ना?"

"माले... माले आज उपास शे."

"उतर."

तो उतरला नाही. धुळ्याला तीन वर्षं वायरमनच्या हाताखाली राबलेल्या त्या माणसाला ओला पाय आणि लोखंड एकत्र आले की काय होतं, हे चांगलं ठाऊक होतं.

मोहिनीनं टेबलाच्या खणातून वीज तपासायचा टेस्टर काढून कॅबिनेटला टेकवला. आत लाल ठिपका पेटला. "ही तुमची देवी," ती हुंदके आवरत म्हणाली. "सप्लायमधून थोडी वीज डब्यावर येते. तिसऱ्या पिनेवाटे ती जमिनीत जायला हवी. ती वाट मी ठेवली नाही, म्हणून ती ओल्या पायाच्या माणसातून जाते. प्लॅस्टिकवर बसलेल्याला कळतही नाही. चूक माझी आहे." तिनं प्लग उपटला. ठिपका विझला. "आता कुणीही हात लावा."

झुलालनं लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"झुलालभाऊ, पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. ताप कशाचा ते रक्त तपासून कळतं. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच म्हणा, चटईवरून उतर आणि आमच्या जागी उभा राहून दाखव."

झुलाल पोरीकडे धावला. बाकीचे मान खाली घालून गुंताबाईभोवती जमले. "चूक व्हयनी, काकू," एक जण म्हणाला. "डबाले हात लाईसन कोन्हालेच काही व्हयनं नही आते. तू डाकीन नही, हाई पक्कं व्हयनं."

गुंताबाईनं ओले पाय लुगड्याला पुसले.

"दोनदाव डबाले इचारं तुम्हीन," ती म्हणाली. "माले एकदाव तरी कोनी इचारं का?"