शेवटच्या ठोक्याला काटा

“मालक, तुमचा संध्याकाळचा भोंगा रेडिओच्या पयले काहून वाजते?”

बेबीनं एका दमात विचारून टाकलं. मागून मैत्रीण भागिरथानं तिचा परकर ओढला. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं वर्गात तीच म्हणाली होती. कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, जिनाचे मालक पंजाबराव शाळेत बक्षिसं वाटायला आले होते. त्यांच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं; त्यांना असलं कुणी विचारत नसे. पण शाळेचं घड्याळ हल्ली बेबी लावायची. मास्तरांच्या ट्रान्झिस्टरवर बातम्यांआधीचे ठोके पडले, की शेवटच्या ठोक्याला काटा सोडायची. गावात खरी वेळ आपल्याचजवळ असते, याची तिला खात्रीच झाली होती.

पंजाबराव हसले.

“कोनाची हाय ही?”

“तुमच्या भोंगेवाल्या देवमनची,” मास्तर म्हणाले.

“मंग संध्याकाळी ये, बाई. तूच लाव आमचं घड्याळ.”

ती उड्या मारतच जिनात गेली. भोंगा नुकताच झाला होता. बायका लुगड्यावरचा कापूस झटकत निघाल्या होत्या. त्यांत तिची माय रुख्मिणीही होती. पंजाबरावांनी फाटक लावायला सांगितलं आणि टेबलावरचा रेडिओ मोठा केला. गाणं संपता संपेना. बाबा भिंतीला टेकून उभे होते. बेबी त्यांच्याकडे पाहून हसली. त्यांनी मान खाली घातली.

ठोके पडले. भिंतीवरचं घड्याळ केव्हाच पुढं गेलेलं होतं.

“घड्याळ कोन लावते, देवमन?”

“मीच, मालक.”

“चुकून झालं?”

फाटकाशी एकीच्या कडेवरचं लेकरू रडत होतं.

“घरी जातानी नाल्यात अंधार होते, मालक. हिवाळ्याचा दिवस लवकर बुडते. बाया लेकुरवाळ्या हायत.”

“अच्छा.” पंजाबरावांनी बेबीपुढं स्टूल सरकवलं. “कर काटा मांगं. तुह्याच हातानं.”

तिनं केला.

“शाबास. आता भोंगा हीच वाजवंल. देवमन, तू सरकीच्या पोत्यावर जाय. अन् बायाइनो, चला आत. रोज चोरला तेवढा वेळ भरून द्या.”

बाबांना दमा होता. म्हणूनच ते भोंग्यावर होते.

दुसऱ्या दिवशी ठोक्याबरोबर भोंगा बेबीनं दिला. बायका तिच्या अंगावरून गेल्या, पण एकीनंही तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी बाबा ओट्यावर ओणवे बसून श्वास ओढत होते. माय त्यांची पाठ चोळत होती. बेबी दारातच थांबली.

“बाबा, भोंग्यावर तुमालेच ठेवा म्हनलं मी मालकाले. आता बाबा घड्याळ रेडिओवरच लावतीन म्हनलं.”

मायचा हात थांबला. “मंग?”

“हसले. म्हने, पोते कोन उचलंल?”

माय पुन्हा पाठ चोळू लागली.

“उद्यापासून मी उचलीन, भोंगा तुमीच द्या,” बेबी म्हणाली. “शाळेचं घड्याळ लावाले भागिरथाले शिकवून आली.”