नादपादुका

रत्नप्रभाच्या दारात चपलांचा एवढा ढीग पडायचा की तो ओलांडून आत जायची सोय नव्हती. चारकोपातल्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत तिचं घर शेवटचं. पुढच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या, खिडकीचे गज धरून पुरुष उभे, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते मागून विचारत होते, "बोलले काय? बोलले काय?" बोलणार होते ते रत्नप्रभाचे यजमान, दशरथ. त्यांना जाऊन चार-पाच महिने झाले होते.

आत, घराच्या मागच्या भिंतीत ठोकलेल्या फळीवर दशरथांचा जुना रेकॉर्ड प्लेअर होता. गिरणी बंद पडल्यावर माणसाने वॉचमनची नोकरी केली, पण गल्लीला ते ठाऊक होते पखवाजामुळे. त्यांच्या भजनी मंडळाने कधीकाळी हौसेने एक तबकडी काढली होती. तीच लावली जायची. भजन संपलं की सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत गरगरत राहायची, नुसती खरखर ऐकू यायची आणि सगळी खोली कान टवकारून बसायची. मग स्पीकरमधून आवाज यायचा, धप्. खोल आणि दबका, पखवाजाच्या डाव्या बाजूला थाप पडल्यासारखा.

"आले," विद्याधर हळूच म्हणायचा. बायका हात जोडायच्या, कुणी डोळ्यांना पदर लावायची.

हा विद्याधर स्वतःला नादसाधक म्हणवून घेई. त्याआधी तो स्पीकरच्या दुकानात कामाला होता, पण ते आता कुणी बोलत नसे. पांढरा सदरा, गळ्यात स्फटिकाची माळ आणि तोंडात सगळीकडून गोळा केलेले शब्द. "देह म्हणजे काय, माई? जाड कंपन. आत्मा म्हणजे काय? सूक्ष्म कंपन. दशरथजी तुमच्याशी पहिल्या दिवसापासून बोलतायत. पण या यंत्राखाली होतं रबर. रबर विजेला अडवतं, मग आत्म्याला अडवणार नाही का?" असं म्हणून त्याने प्लेअरचे रबरी पाय काढून टाकले होते आणि त्यांच्या जागी पितळेचे टोकदार पाय बसवले होते. त्यांचं नाव नादपादुका. अष्टधातूच्या, मंत्रून घेतलेल्या. आठ धातू कोणते असं मी एकदा विचारलं, तेव्हा सोनं, चांदी, तांबं एवढ्यावर त्याची गाडी थांबली आणि "ज्ञान हे मोजायची गोष्ट नाही, मॅडम" असं उत्तर मिळालं. बैठक संपली की लोक तशाच पादुका आपापल्या टीव्हीखाली, मिक्सरखाली लावायला विकत घेऊन जात. एकीने तर फ्रिजखाली लावल्या. फ्रिजमधून तिला कोण भेटणार होतं कोण जाणे.

मी मीरा. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या घरात देव नाही, बुद्धाची एक तसबीर आहे, आणि माझ्या वडिलांची एक सवय माझ्यात उतरली आहे: कशाने झालं, हे विचारल्याशिवाय गप्प बसायचं नाही. तरीही या प्रकारात मी बरेच दिवस तोंड उघडलं नाही. रत्नप्रभा माझी मैत्रीण. ती गावी गेली होती आणि दशरथ इथे एकटेच असताना गेले. शेवटचा शब्द नाही, पाण्याचा घोट नाही. आता शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी ती त्यांना विचारायची, "जेवलात काय? माझ्यावर रागावलात नाय ना?" धप् आलं की तिचा चेहरा असा काही उजळायचा की मला स्वतःचीच लाज वाटायची. म्हटलं, हिचं सुख आहे, आपण कशाला हिरावून घ्या.

पण मग तिच्या पायाचं निघालं.

तिला साखरेचा आजार जुना. चपलेने अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली. मुलगी श्रुतिका पवईला नोकरी करते. ती सुट्टी टाकून आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, लगेच दाखल करा, उशीर केलात तर अंगठ्यावर थांबणार नाही. रत्नप्रभा घरी आली आणि म्हणाली, "ह्यांना विचारते."

त्या बैठकीला मी होते. भजन संपलं. रत्नप्रभाने विचारलं, "हॉस्पिटलात जाऊ काय?" विद्याधरने नियम सांगितलेलाच होता: एक थाप म्हणजे हो, लागोपाठ दोन म्हणजे नाही. एक थाप आली. तिने वर पाहिलं. विद्याधरने हात वर केला. "थांबा. अजून बोलतायत." आणि खरंच, थोड्या वेळाने दुसरी आली. "बघा. नको म्हणतायत. तुम्ही घर सोडून गेलात, दिवा विझला, तर ते परत येणार कुठे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती दवाखान्यात गेली तर घराला कुलूप, बैठक बंद, पादुका बंद. दशरथ येणार कुठे हा प्रश्न नव्हताच, हा माणूस जाणार कुठे हा होता. खोलीत उदबत्त्यांचा धूर भरला होता आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता. तो चिघळलेल्या जखमेचा होता.

श्रुतिका बाहेर ओट्यावर रडत बसली होती. "मीरामावशी, मी काय करू गं? मी बोलले तर म्हणते, बापापेक्षा तुला जास्त कळतं काय."

"बैठक शुक्रवारी का नसते?" मी विचारलं.

"शुक्रवारी आत्म्याचं मौन असतं म्हणे."

दशरथांनी जन्मात कधी हक्काची सुट्टी घेतली नव्हती. मेल्यावर त्यांना साप्ताहिक सुट्टी कुणी दिली? मी उठून घराच्या मागे गेले. भिंतीपलीकडे बोळ आणि बोळापलीकडे औद्योगिक वसाहतीचे गाळे. शुक्रवारी ते गाळे बंद असतात, एवढं तर आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी कोपऱ्यावरचा चहावालाही येत नाही. अगदी मागच्या गाळ्यात पत्रा कापायचा प्रेस होता. कामगार पायाने पट्टी दाबायचा आणि यंत्र खाली आदळायचं. रिक्षांच्या आवाजात ते घरात ऐकू येत नसे. मी रत्नप्रभाच्या भिंतीवर तळवा टेकला. प्रेस आदळला की भिंत अगदी पुसटशी शहारायची.

दुसऱ्या दिवशी माझ्या वॉशिंग मशीनखालचे जाड मऊ रबर काढले आणि ते घेऊन बैठकीला गेले. "आज हे लावून ऐकू या," मी म्हटलं.

"रबर?" विद्याधर कळवळला. "मॅडम, तुम्ही त्यांचा गळा दाबताय."

"आत्मा तुमच्या-माझ्या भिंतीतून येतो म्हणता, मग बोटभर रबराला घाबरतो?" खिडकीतून कुणीतरी हसलं. रत्नप्रभाने नको म्हटलं नाही. मी पितळी पाय काढले, रबरं ठेवली, तबकडी लावली. भजन संपलं. खरखर, खरखर. बराच वेळ गेला. मागे प्रेस चालूच होता, पण थाप आली नाही.

"बघितलंत?" विद्याधर उठला. "नास्तिकाचा हात लागला. ते दुखावले, निघून गेले."

"बरं. तुमच्या पादुका परत लावते." लावल्या आणि मोबाइल स्पीकरवर टाकला. पलीकडून श्रुतिकाचा आवाज आला. ती गाळ्यात उभी होती, मालकाच्या परवानगीने. "प्रेसवरच्या दादांना थांबायला सांग," मी म्हटलं. सुई फिरत राहिली आणि पादुकांवरही सगळं शांत. विद्याधर दाराकडे बघू लागला. "आता एकदा मारायला सांग."

धप्.

"दोनदा."

धप्, धप्.

मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं. रेकॉर्डची सुई म्हणजे थरथर टिपणारं बोट. ती खाचेतली आहे की फळीतली, हे सुईला कळत नाही. मिळेल ती थरथर ती स्पीकरला देते आणि स्पीकर ती मोठी करतो. म्हणून तर प्लेअर बनवणारे खाली मऊ पाय लावतात, की जमिनीची थरथर तिथेच जिरावी. या गृहस्थांनी ते काढले, कडक टोकं लावली, फळी नेमकी मागच्या भिंतीत ठोकून घेतली आणि गाळ्याला सुट्टी असेल त्या दिवशी मौन ठेवलं. हे न कळून झालेलं नाही.

विद्याधर "विज्ञान अजून तिथवर पोचलं नाही" असं काहीतरी पुटपुटत चपला शोधत होता. ढिगात त्याला त्या सापडेनात, शेवटी तो तसाच गेला. लोक आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. कुणी केला नाही. एकेक जण मान खाली घालून उठला. मला वाटत होतं, आता मला बरं वाटेल.

रत्नप्रभा जागची हलली नव्हती. सुई अजून फिरत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होतंय गो?"

मला उत्तर माहीत होतं. गाळ्यात पत्रा कापणाऱ्या, तिला कधीही न पाहिलेल्या एका माणसाशी. ते मला बोलवेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि आम्ही दोघी रडलो. ती दुसऱ्यांदा विधवा झाली होती आणि या वेळी ते माझ्या हातून झालं होतं. करायलाच हवं होतं, पण म्हणून ते हलकं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी तिला दाखल केलं. सर्जन तरुण बाई होती. तिने पट्टी सोडली, पाहिलं आणि श्रुतिकाला बाजूला घेतलं. आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. आता पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. काढला.

अशा गोष्टींत फसवणाऱ्याची फजिती झाली की लोक टाळ्या वाजवतात, आणि मीही शाळेत मुलांना अशाच गोष्टी सांगत आले. पण पाय गेला तो गेला. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो कशाने होतो ते विचारा, आणि लवकर विचारा. ज्याला हे विचारलेलं आवडत नाही, त्याच्यापासून आपलं दुखणं लांब ठेवा. दुःखात असलेल्या माणसाला हे सुचत नाही. म्हणून त्याच्या शेजाऱ्याने विचारलं पाहिजे. मी उशिरा विचारलं.

वॉर्डात गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. त्यांतली सुनंदा बराच वेळ घुटमळली, मग खाटेजवळ वाकून कुजबुजली, "ह्या मीराबाईंना काय कळतंय. यंत्राचं खरं असेल, पण कधीतरी एखादा शब्द भाऊजींचाही असेलच की."

मी तोंड उघडणार होते. रत्नप्रभाने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच अंगावरची चादर बाजूला केली. सुनंदाने मान फिरवली.

"बघ, बघ इकडे," रत्नप्रभा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माका साधा ताप इलो तरी ते पखवाज टाकून डॉक्टराकडे धावत. ते जिते असते तर पयल्याच दिवशी माका उचलून हय घेवन इले असते. आणि तो आवाज सांगत होतो, जाऊ नको. तो त्येंचो नाय, एवढा तरी माका तेव्हाच कळाक होया होता."